स्वप्नात जेवणाऱ्या बायका

इंदूर, २० नोव्हेंबर २०२३

आदरणीय ताम्हाणे मॅडम,

नमस्कार. शाळा सुटल्यानंतर हाताने लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा वेलांट्या-उकार पोटात घाला. तुमच्या पेपरांखाली दिलेल्या ई-मेलवर मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, सगळे मेल परत आले. शेवटी तुमच्या जुन्या विभागात फोन केला. तिथल्या एक बेन म्हणाल्या, "मॅडम तर रिटायर थई गयां. मेल-बेल काही बघत नाहीत. कागळ मोकलो." आणि त्यांनी मांजलपूरचा पत्ता दिला. कागळ म्हणजे पत्र, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

मी अवंती मोघे. इथे सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करते आहे, विषय गरोदर बायकांचा आहार. देपालपूरकडच्या गावांत जाते आणि विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लं? सासू शेजारीच बसलेली असते. बाई सांगते, तीन वेळा जेवले, दूध प्याले, फळसुद्धा खाल्लं. आणि रक्त तपासावं तर पांढरंफटक. माझ्याकडची सगळी उत्तरं छान आहेत आणि सगळी खोटी आहेत.

अशात मला १९७९ सालचा एक पेपर सापडला. लेखिका मोहना टिपणीस, गावं पादरा तालुक्यातली. तिने बायकांना खाण्याबद्दल विचारलंच नाही. तिने विचारलं, रात्री काही स्वप्न पडलं का? मी तो पेपर बसमध्ये वाचत होते आणि माझा स्टॉप मागे गेला तरी वाचतच राहिले. निष्कर्षात एक वाक्य आहे, मी आपलं मराठीत करून लिहिते: "ज्या बायका स्वप्नात जेवतात, त्यांचं रक्त फिकं असतं." इतकं सुंदर वाक्य मी निष्कर्षात कधी वाचलेलं नाही.

पण या एका पेपरानंतर मोहना टिपणीस नाहीशीच झाली. संशोधकांचे पेपर आणि त्यांना कुणी कुणी सायटेशन दिलं याची नोंद ठेवणारी एक वेबसाइट आहे, तिथे तिचं एक पान आहे. पानावर एकच पेपर. गंमत म्हणजे पहिली वीस वर्षं त्या पेपराचा उल्लेख जगात एकाच व्यक्तीने केलेला आहे, तुम्ही. शाळकरी मुलींचं हिमोग्लोबिन असो की लोहाच्या गोळ्या, तुमच्या प्रत्येक पेपरात सुरुवातीलाच "टिपणीस, १९७९" असतं. तुमच्यामुळेच तो पुढे बाहेरच्या लोकांना सापडला. आता तर दरवर्षी कुठकुठल्या देशांतले लोक त्याचा हवाला देतात.

मला तिचा प्रश्न वापरायचा आहे. माझे गाइड म्हणतात, मूळ लेखिकेकडून नेमकी पद्धत आणि परवानगी आण, नाहीतर विसर. मार्चअखेरीपर्यंत मला सगळं समितीपुढे ठेवायचं आहे. मॅडम, मोहना टिपणीस कुठे आहेत? आहेत ना?

आपली,
अवंती

* * *

बडोदे, २९ नोव्हेंबर २०२३

चि. अवंती,

तुझ्या वेलांट्या पोटात घातल्या, पचल्या. उकारांचं मात्र काहीतरी कर.

मोहनाला मी ओळखत होते. माझ्याइतकं तिला दुसरं कुणी ओळखत असेल असं वाटत नाही. काडीसारखी होती, दोन वेण्या, खांद्यावर भावाची खाकी पिशवी. सकाळी बसने पाद्र्याला उतरायची आणि तिथून शेतांतल्या वाटेने चालत गावांत. डबा घरीच विसरून यायची खोड होती. मग ज्या बायकांना विचारायला जायची त्याच तिला जेवायला घालायच्या. ज्यांच्या पोटात कमी जातंय हे शोधायला गेली, त्यांच्याच घरी पोटभर जेवून आली. असली संशोधक!

दुपारी भांडी घासून झाली की बायका कडुलिंबाखाली बसायच्या. ती म्हणायची, काही स्वप्न पडलं का गं? आणि गप्प राहायची. हळूहळू एकेक जण बोलायला लागायची. एकीला स्वप्नात तिची वारलेली आई वेणी घालायची आणि मध्येच मागून हात पुढे करून तोंडात गुळाचा खडा ठेवायची. एक जण नदीकाठी बसून ओली माती खायची, भाकरीसारखी गरम. ऐकता ऐकता ऊन उतरायचं आणि मोहनाची बस चुकायची. घरी सांगायची, उशीर झाला. कशामुळे ते कुणाला सांगून पटलं नसतं.

मग तिचं लग्न झालं आणि त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. तिचा थोरला भाऊ विश्वंभर गेल्या वर्षी गेला. तिला मोहना म्हणून हाक मारणारा तोच शेवटचा राहिला होता.

तुझ्या त्या पानाचं मला ठाऊकच नव्हतं. आमच्या ह्यांनी फोनवर काढून दाखवलं. हे म्हणजे गोविंद ताम्हाणे, रेल्वेतून निवृत्त, सध्या काम माझ्या चुका काढणे. वर मोठ्या अक्षरांत मोहना टिपणीस, खाली एकच पेपर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ह्यांचा फोन दुपारभर माझ्याचकडे राहिला. माणूस गेलं तरी कुणीतरी त्याच्या नावाने एक खोली उघडी ठेवली आहे, झाडतं-पुसतं आहे, असं वाटलं. मला फार बरं वाटलं, अवंती.

परवानगीचं मोहनालाच विचारावं लागेल. बघते भेटते का.

चारुलता ताम्हाणे

* * *

इंदूर, ९ डिसेंबर २०२३

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र वाचून आधी खूप आनंद झाला. मग पुन्हा वाचलं आणि झोप उडाली. तुम्ही मोठ्या आहात, पण मनात एक आणि कागदावर दुसरं असं मला जमत नाही.

"लग्न झालं आणि ती कुणाला दिसली नाही" हे तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळ्या झालात. तुम्ही त्याच गावात, त्याच विषयात होतात. ती तुमची इतकी जवळची होती. तुम्ही पुढे प्राध्यापक झालात, विभागप्रमुख झालात. तुमच्या नावावर ढीगभर पेपर आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या पायाशी तिचं काम आहे. तिला एकदाही सोबत घ्यावंसं वाटलं नाही? एका पेपरात सहलेखिका म्हणून नाव घालता आलं नसतं? हवाला दिला म्हणजे हिशेब चुकता होतो का?

आमच्याकडे हे मी रोज बघते. उन्हातान्हात गावं फिरणारी मुलगी एक आणि वर नाव भलत्याचंच. हरवलेल्या संशोधक बायकांवर मी एक लेख लिहिते आहे. त्यात मोहना टिपणीसवर एक भाग आहे. तिच्या कामावर दुसऱ्या कुणाचं नाव मोठं झालं, असं मी त्यात लिहिलं आहे आणि तुमचं नाव घातलं आहे. लेख छापायला जायच्या आधी तुम्हाला कळवणं मला योग्य वाटलं.

राग आला तर समजू शकते. पण ती कुठे आहे ते कृपा करून सांगा. तिचा नवा पत्ता नसेल तर सासरचं आडनाव तरी. मी शोधून काढीन.

अवंती

* * *

बडोदे, २ जानेवारी २०२४

प्रिय अवंती,

सासरचं आडनाव ताम्हाणे. पत्ता तुझ्याकडे आहेच, पाकिटावर लिहितेस तोच.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे इतके हसले की चहा बशीतून धोतरावर. "चारू, मने पहेलेथी शक हतो," म्हणाले, "तू त्या पोरीचं सगळं लुबाडलंस." मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि तिथे हसू येईना. म्हणून उत्तराला इतके दिवस लागले.

तुला वाटलं मी थट्टा केली. थोडी केलीच. पण "ती दिसली नाही" हे मी खोटं लिहिलं नव्हतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुमच्या पिढीत राहिलंय कुठे आता. आडनाव तर बदलतंच, पण पाळण्यातलं नावसुद्धा. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि पेढे वाटतात. माझं बदलायला कारणही चांगलं होतं. ह्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव मोहना. एका घरात दोन मोहना कशा चालतील? कुणी दुष्टपणा केला नाही. हे अंगठी हातात घेऊन बसले आणि गोंधळून त्यांनी आधी "मो" एवढंच लिहिलं. त्यांच्या आत्याबाईंनी हलकेच ताट हलवून तांदूळ सारखे केले. मग हे "चारुलता" लिहून मोकळे झाले. सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर मी चारू. खोटं वाटेल म्हणून लग्नपत्रिकेची झेरॉक्स जोडली आहे, ह्यांच्या नावाशेजारी कुणाचं नाव आहे ते बघ.

आता तुझा आरोप. मोहनाच्या कामावर चारुलताचं नाव मोठं झालं, हे तू लिहिलंस ते अगदी खरं आहे. लग्नानंतर मी विभागात परत रुजू झाले तेव्हा आमचे एक सर म्हणाले, स्वप्नांना ग्रँट मिळत नाही, रक्ताला मिळते. मी रक्त घेतलं. चांगलं काम केलं, त्यातून गोळ्या वाटायची पद्धत बदलली, मला त्याचा अभिमान आहे. पण पेपर लिहायला बसले की पहिली ओळ मोहनाची. पहिला घास बाजूला काढून ठेवावा तशी. लोकांना वाटायचं ताम्हाणे बाईंची ही सवय आहे. मला वाटायचं, तेवढ्यापुरती ती जेवते.

आणि एक सांगते, हसू नकोस. स्वप्नात मला अजून मोहनाच म्हणतात. चारू म्हणून स्वप्नात कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. कुठल्याशा उजेडाच्या वाटेवर मी असते, मागून कुणीतरी म्हणतं, मोहना! आणि ओ द्यायच्या आत जाग येते. विश्वंभर गेल्यापासून तर फारच वेळा. जागेपणी माझं ते नाव आता कुठे नाही. एक तुझं ते पान तेवढं आहे.

पद्धत लिहून घे. जेवणाचं नाव काढायचं नाही. सासूला उठवून लावायचं नाही, बसू दे तिलाही. काय खाल्लं हे बाईला सासूसमोर सांगता येत नाही, ते घराच्या अब्रूचं असतं. स्वप्नाचं तसं नाही, स्वप्न हा कुणाचा दोष नसतो. सासूही आपलं सांगते. प्रश्न एवढाच, "कोई सपनुं आव्युं?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच कठीण आहे, तुला विशेष जाईल.

कडुलिंबाखालच्या त्या बायकांत एक कंकू होती, माझ्याच वयाची, पहिलटकरीण. तिला स्वप्नात कंसार दिसायचा. लापशीचा गोड कंसार, वर तुपाची धार. ती खात राहायची, ताट संपायचं नाही आणि सासूची हाक यायची तरी उठावंसं वाटायचं नाही. सांगून झालं की मला म्हणायची, "ने तमने? तमने शुं सपनुं आवे छे?" माझंच स्वप्न विचारते म्हटल्यावर मी हसून वही मिटायची. विचारणाऱ्याने आपलं सांगायचं नसतं असं आम्हाला शिकवलं होतं.

परवानगी दिली. मोहनाने दिली असं समज.

चारूमावशी

(मॅडम पुरे झालं.)

* * *

इंदूर, १० जानेवारी २०२४

प्रिय चारूमावशी,

मी जमिनीवर डोकं आपटून घ्यायची बाकी आहे. लेख मागे घेतला. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, माझंही नाव आधी कुसुम होतं." सत्तावीस वर्षं मी या बाईच्या घरात राहते आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं! मी तिला विचारलं, मग कुसुमचं काय झालं? ती म्हणाली, काय व्हायचंय, आणि कूकर लावायला गेली.

माफी कशी मागायची कळेना, म्हणून एक भेट पाठवते आहे. त्या वेबसाइटला मी लिहिलं की मोहना टिपणीस आणि चारुलता ताम्हाणे एकच आहेत. पुरावा म्हणून तुमच्या पत्रिकेचा फोटो जोडला. परवाच त्यांचं उत्तर आलं, दोन्ही पानं एक होणार! तुमचा तो जगभर गाजलेला पेपर आता तुमच्या नावावर. इतकी वर्षं तुमचं अर्धं श्रेय भलतीकडे पडून होतं, ते घरी आलं. काकांना म्हणावं, फोनवर बघा आणि पेढे आणा.

संक्रांतीची, तुमच्या तिकडच्या उत्तरायणाची, भेट समजा. गाइडनी पद्धत मान्य केली. पुढच्या आठवड्यात मी देपालपूरला जाऊन गप्प बसायला सुरुवात करते.

तुमची,
अवंती

* * *

बडोदे, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय अवंती,

तुझं पत्र आलं तेव्हा गच्च्यांवर पतंग होते. सगळं मांजलपूर वर बघत होतं. मी खाली गॅलरीत बसून ह्यांच्या फोनवर मोहनाचं नाव टाकलं. असं पान सापडत नाही, असं आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. वर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पोरं ओरडली, "काप्यो छे!" आणि मी रडायला लागले.

तू चांगल्या मनाने केलंस, मला कळतं. ह्यांनी पेढेही आणले. मी एक खाल्ला. पण तुला खरं सांगायला हवं. घरातलं कुणी गेल्यावर कपाट उघडलं आणि कुणीतरी साड्या नीट घड्या करून वाटूनही टाकल्या होत्या, असं मला झालं. हवाल्यांचा आकडा वाढला, बाई गेली.

त्यातून आमचा पुतण्या वरद आला. कॉलेजात शिकवतो, त्याला या आकड्यांतलं सगळं कळतं. पान बघून म्हणाला, "काकू, तुमची सेल्फ-सायटेशन फार दिसतात हं." म्हटलं, म्हणजे? तर माणूस आपल्याच जुन्या पेपराचा हवाला देतो ते. लोक आकडा फुगवायला करतात, म्हणून ती धरत नाहीत, वजा करतात. त्याने बटण दाबून दाखवलं. माझी मोहनासाठी काढलेली पहिली ओळ प्रत्येक पेपरातून गळून पडली. वीस वर्षं तिची आठवण ठेवणारी मी एकटी होते, आणि आता हिशेबाप्रमाणे ती माझी स्वतःचीच टिमकी ठरली. वरद बिचारा म्हणाला, "तसे तुमचे खूप उरतात, काळजी नका करू."

मला काळजी उरलेल्यांची नाही गं. दुसऱ्या कुणाचं नाव घेणं आणि आपलं नाव घेणं यांत फरक असतो. मी तिचं नाव घेत होते. ती मी नव्हतेच. दोन वेण्यांची, डबा विसरणारी, उन्हात बसून बायकांची स्वप्नं ऐकणारी मुलगी म्हणजे मी नव्हे. मी तिला सोडून पुढे आले, आणि मागे वळून बघायची मला एकच खिडकी होती.

मोहनाचं पान मला परत दे. माझा आकडा कमी झाला तर होऊ दे. हे म्हणतात, मी वेड्यासारखं करते आहे. पण रात्री उठून पाणी द्यायला आले होते.

चारूमावशी

* * *

इंदूर, २० फेब्रुवारी २०२४

प्रिय चारूमावशी,

पत्र वाचलं. मला क्षमा करा. मी तुम्हाला काही दिलं असं समजत होते आणि निघालं भलतंच.

त्याच दिवशी वेबसाइटला लिहिलं. पण त्या दोघी वेगळ्या आहेत असं लिहायला हात धजेना, कारण ते खोटं आहे. म्हणून लिहिलं, लेखिकेची तशी इच्छा आहे. त्यांनी कळवलं की आता लेखिकेने स्वतःच सांगावं. तुमच्या नावाने एक दुवा आला आहे, तो काकांच्या फोनवर पाठवते. त्यात दोनच गोष्टी विचारल्या आहेत. मोहना टिपणीस म्हणजे तुम्हीच का? आणि असाल, तर पानावर कोणतं नाव दाखवायचं? तुम्ही "नाही" म्हणालात तर पान वेगळं होईल. ते खोटं म्हणायचं की खरं, ते मला आता कळेनासं झालंय. तुम्ही ठरवाल ते बरोबर.

आता देपालपूरचं सांगते. मी गप्प बसले! पहिल्या दिवशी कुणी काहीच बोललं नाही, कोरी वही घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाली, तिला रोज स्वप्नात पोह्यांची कढई दिसते, ती चमच्याने खात जाते आणि कढई खालून भरत जाते. सासू हसली, म्हणाली, "मुझे भी आता था, जब ये पेट में था," आणि मुलाकडे बोट केलं. मग सासूच उठून आत गेली आणि सुनेसाठी वाटीत काहीतरी घेऊन आली. मावशी, मी काहीही सांगितलं नव्हतं. मी नुसती बसले होते.

मग त्या सुनेने मला विचारलं, "और तुम्हें?" मला तुमची कंकू आठवली. मी वही मिटली नाही, सांगितलं. काय ते तुम्हाला भेटल्यावर सांगेन. पण तेव्हापासून एकच मनात येतं. कंकूला तुम्ही त्या दिवशी उत्तर दिलं असतं, तर काय सांगितलं असतं?

तुमची,
अवंती

* * *

बडोदे, १७ मार्च २०२४

प्रिय अवंती,

तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. दुवा फोनवर येऊन पडला होता, त्याचं काय करायचं म्हणून हे रोज विचारायचे, "शुं करवुं छे?" मी म्हणायचे, थांबा. शेवटी म्हटलं, मला पाद्र्याला घेऊन चला. हे स्कूटर काढायला निघाले. म्हटलं, बसने.

पाद्र्यापर्यंत आता सगळी दुकानंच. पण पुढे गावाकडे वळलं की तीच शेतं आणि तोच दुपारचा उजेड, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. पाद्र्याहून आम्ही रिक्षा केली होती. कंकू असेल याची मला आशा नव्हती. कडुलिंब नव्हता, त्या जागी पाण्याची टाकी. टाकीच्या सावलीत तीन-चार बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पिकल्या केसांची, चष्म्याची, काठी टेकणारी बाई. कोण म्हणून सांगावं याचा विचार करत उभी राहिले.

त्यांतल्या एकीने मान वर केली. डोळ्यांवर हात धरून बघितलं. आणि म्हणाली, "अरे! मोहनाबेन! सपनावाळां मोहनाबेन!"

अवंती, भर दुपार होती. मी जागी होते. हे शेजारी उभे होते, त्यांनीही ऐकलं.

कंकूच ती. चेहरा सगळा सुरकुतलेला, दात गेलेले, नातवाचं लग्न झालेलं. ती चारुलताला ओळखतच नाही, तिच्या लेखी मी कधी बदललेच नाही. मला हाताला धरून खाटेवर बसवलं, सुनेला ओरडून कंसार करायला लावला. तो येईपर्यंत म्हणाली, "ते दहाडे तमे जवाब नहोतो आप्यो. हवे कहो. तमने शुं सपनुं आवे छे?"

तेव्हाचं राहिलेलं उत्तर तिला आता हवं होतं. मी सांगितलं. कुणीतरी मागून मोहना म्हणून हाक मारतं आणि मी ओ द्यायच्या आत जाग येते.

ती हसली. "लो, में बोलाव्यां. हवे तो बोलो!"

तिने हाक मारलीच होती. मी म्हटलं, "ओ."

सगळ्या बायका हसल्या. मी कंसार खाल्ला, पुन्हा मागून घेतला. मला वाटत होतं मोहना त्या पानावर राहते आणि पान गेलं की ती गेली. ती तर पाद्र्यात होती, उन्हात बसलेली, खुशाल. मी तिला सोडून पुढे गेले होते असंही नाही. इतकी वर्षं रक्त घेत हिंडत होते तीही तीच होती, काडीची जाड झाली एवढंच.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी ह्यांना म्हटलं, उघडा तो दुवा. पहिला प्रश्न आला, मोहना टिपणीस म्हणजे तुम्हीच का? मी म्हटलं, हो लिहा. वरदला काय वजा करायचं ते करू दे. माझी पहिली ओळ माझीच होती, असं आता मला सांगता येतं. दुसरा प्रश्न आला, पानावर कोणतं नाव दाखवायचं? हे फोनकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी मला तेच लिहायचं होतं गं." मग एका बोटाने "एम" दाबला, "ओ" दाबला आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

ताट हलवायला आता कुणी नव्हतं. मी म्हटलं, पुढचं लिहा.

मोहनामावशी